अमोनाइटच्या दुर्मीळ जातीची ओळख व वर्गीकरण

अमोनाइट हे समुद्रात राहणारे कवचधारी शीर्षपाद प्राणी. माखली, ऑक्टोपस व नॉटिलस यांचे नामशेष झालेले नातलग. अमोनॉइडिया हा त्यांचा उपवर्ग डेव्होनियन काळात उदयास आला आणि क्रिटेशसच्या अखेरीस, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लोप पावला. हाती आलेला जीवाश्म दुर्मीळ जातीचा आहे असे म्हणण्याआधी तो एखाद्या परिचित जातीचे पिल्लू, भिन्नलिंगी जोडीदार किंवा झिजलेला साचा (कवचात भरून घट्ट झालेला गाळ) नाही, याची खात्री करावी लागते. ओळख पटवण्यातली खरी मेहनत हीच.

कवचाच्या आत पडद्यांनी कप्पे पडलेले असतात. पडदा कवचाच्या भिंतीला टेकतो तिथे उमटणारी रेषा म्हणजे सीवनी. याच उपवर्गातल्या गोनियाटाइट गटामध्ये ती साधी नागमोडी असते, सेराटाइट गटामध्ये तिच्या मागे वळलेल्या पाळ्यांनाच दाते असतात, तर खऱ्या अमोनाइटांमध्ये ती सगळीच झालरीसारखी चिरलेली असते. वरचे कवच गळून आतला साचा उघडा पडल्याशिवाय सीवनी दिसत नाही. कुल व वंश ठरवताना तिचा मोठा आधार होतो. जात ठरवताना मात्र एकट्या सीवनीवर विसंबू नये, कारण वाढीबरोबर ती बदलत जाते.

जातीसाठी वेटोळ्यांचा आकार आणि कवचावरचे नक्षीकाम पाहतात. व्यास, वेटोळ्याची उंची व जाडी आणि मधल्या खोलगट नाभीची रुंदी मोजून त्यांची गुणोत्तरे काढतात. कंगोरे किती, ते कुठे दुभंगतात, त्यांवर गाठी आहेत का, बाहेरच्या कडेला कण्यासारखी उंच धार आहे का, हेही नोंदवतात. साच्यावर कंगोरे मूळ कवचापेक्षा बोथट दिसतात आणि शेल या पापुद्र्यांच्या मातकट खडकात दबलेला नमुना खोटाच सडपातळ भासतो, हे विसरता कामा नये. शिवाय एकसारखे आकार वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या कुळांत पुन्हा पुन्हा उद्‌भवले आहेत. म्हणून नमुना नेमका कोणत्या थरातला, ही माहिती मोजमापांइतकीच मोलाची असते. दरडीखालच्या ढिगातून उचललेला सुंदर अमोनाइट या कामी बराच दुबळा ठरतो.

हेन्रिक माकोव्स्की यांनी १९६२ मध्ये आणि जॉन कॅलोमन यांनी १९६३ मध्ये, स्वतंत्रपणे, एक मोठा गोंधळ उलगडला. एकाच थरात सापडणारे, आतली वेटोळी अगदी सारखी असलेले मोठे व लहान अमोनाइट हे पुष्कळदा एकाच जातीच्या माद्या व नर असावेत, असे त्यांनी दाखवले. तोवर अशा जोड्या निरनिराळ्या वंशांतही घातल्या जात. लहान रूपाच्या तोंडाशी बऱ्याचदा कानासारख्या पट्ट्या असतात. शेवटचे पडदे दाटीने आलेले असतील तर प्राणी पूर्ण वाढलेला होता असे समजतात. पिल्लू आणि लहान प्रौढ यांतला फरक त्यावरून कळतो.

जातीअंतर्गत विविधताही फसवी असते. गेर्ड वेस्टरमान यांनी १९६६ मध्ये जुरासिक काळातील सोनिनिया अडिक्रा या जातीचा अभ्यास करून, जाड वेटोळ्यांचे काटेरी व चपटे गुळगुळीत अमोनाइट एकाच जातीत सलग साखळीने जोडलेले असतात, हे मांडले. साहजिकच पूर्वी दिलेली कित्येक नावे रद्दबातल ठरली.

नवे नाव देताना एक नमुना मूळ प्ररूप, म्हणजे त्या जातीचा प्रमाण नमुना, म्हणून नेमून तो संग्रहालयात जपला जावा, अशी अपेक्षा असते. खात्री नसेल तर ‘कन्फर’ (ताडून पाहावी अशी) किंवा ‘अफिनिस’ (जवळची, पण निराळी) यांची संक्षिप्त रूपे वापरतात. अपुऱ्या तुकड्यावर नवी जात उभारण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी प्रामाणिक.

तरीही एकाच नमुन्यावर आधारलेली जात खरी निघू शकते. जपानच्या होक्काइडो बेटावरील, दोऱ्याच्या गुंत्यासारखा दिसणारा निप्पोनाइटीस मिराबिलिस हिसाकात्सु याबे यांनी १९०४ मध्ये वर्णिला, तेव्हा ती एखाद्या प्राण्याची विकृती असावी अशी शंका घेतली गेली. पुढे त्याच घडणीचे आणखी नमुने मिळाले. १९८८ मध्ये ताकाशी ओकामोतो यांनी संगणकीय प्रतिकृतीतून दाखवले, की हा गुंता वाढीच्या ठरावीक नियमांनी विणला जातो.