पावागडचा खडक पाताळात

मागच्या उन्हाळ्यात बडोद्यातल्या गोत्रीला काकांच्या बंगल्यात बोअर मारली. बोअरवाल्यांची एक पद्धत असते. दर दहा फुटांना वर आलेल्या मातीचा एकेक ढीग कुंपणाशी ओळीनं लावत जायचा. पिवळट माती, कंकर, वाळू, चिकणमाती, पुन्हा वाळू. काकांचा जीव पाण्यात अडकलेला. शेजारचे अण्णा मात्र उकिडवे बसून ढीग चिवडत होते. तेलाच्या विहिरींवर भूवैज्ञानिक म्हणून त्यांची उमेदीची वर्षं गेली. "पहिला ढीग सगळ्यात नवा," ते मला म्हणाले. "ओळीत पुढे जाशील तसा काळात मागे जाशील."

बडोद्यात वाढलेल्या माणसाच्या गळी भूविज्ञान उतरवणं अवघड. इथे चढ म्हणजे रेल्वेवरचा पूल. दगड बघायचा तर पावागड गाठावा लागतो. त्या डोंगराचा बराचसा भाग दख्खनच्या काळ्या खडकाचा, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचा. सह्याद्रीही त्याच कुळातला. गडाची उंची 800 मीटरच्या आसपास. आता उलट्या दिशेला, जंबुसरकडे निघा. शेतांमागून शेतं, औषधाला दगड सापडणार नाही. पण तिथे भोक पाडत खाली गेलं तर तोच काळा खडक लागतो, काही ठिकाणी पाच किलोमीटरहून खोल. त्याच्या वर आहे तो सगळा गाळ आणि गाळाचे खडक.

भूवैज्ञानिक याला खंबातचं बेसिन म्हणतात. मला हा शब्द कायम खटकतो. हात धुवायच्या बेसिनसारखा आधी खड्डा तयार होता आणि मग त्यात गाळ भरला, असं वाटतं. पाच किलोमीटरचा खड्डा इथे कधीच आ वासून पडलेला नव्हता. भूकवच ताणलं गेलं, पातळ झालं, दोन्ही कडांना ते तुटलं आणि मधला पट्टा खचू लागला. ताणलेलं कवच गार होताना आक्रसून आणखी बसलं, वर साचलेल्या गाळाच्या वजनानं त्याहून बसलं. तळ खाली जातोय आणि वरून भर पडतेय, त्यामुळे पाणी बहुतेक काळ उथळच राहिलं. खाड्या, दलदली, नद्यांची मुखं. पाच किलोमीटरला साडेसहा कोटी वर्षांनी भागलं तर शंभर वर्षांना आठ मिलिमीटरसुद्धा येत नाहीत.

अर्थात ही सरासरी फसवी आहे. एका पुरात हातभर गाळ पडतो, मग हजारो वर्षं काहीच नाही, वर पडलेलंही धुऊन जातं. एखाद्या पेढीच्या रोजमेळात एका दिवाळीची दहा पानं असावीत आणि पुढची तीन वर्षं गायब असावीत, तसं. दोन थरांच्या सांध्यात किती काळ गहाळ आहे हे ओळखणं, माझ्या मते, स्तरविज्ञानातलं, म्हणजे थर वाचायच्या शास्त्रातलं, सगळ्यात किचकट काम.

थर मुळात रचतात कसे, हे पाहायला कावी-कंबोईला जावं. स्तंभेश्वर महादेवाची पिंड भरतीला बुडते, ओहोटीला पुन्हा दर्शन देते, हे बडोदेकरांना ठाऊक आहेच. दर्शन झालं की जरा आजूबाजूला बघा. समुद्राकडे वाळूचे दांडे, मग चिखल, मग खारट दलदल, त्यामागे शेतं. सगळं एकाच वेळी, शेजारी शेजारी. आता समुद्र शतकानुशतकं हळूहळू आत सरकतोय असं समजा. हे सगळे पट्टेही आत सरकतील. दलदलीवर चिखल बसेल, चिखलावर वाळू. शेजारी होतं ते एकावर एक येईल. योहानेस वाल्टर या जर्मन भूवैज्ञानिकानं 1894 साली हा नियम मांडला. मध्ये खंड पडलेला नसेल तर बोअरमधली उभी चवड म्हणजे जुन्या किनाऱ्याचा आडवा नकाशाच. वीतभर रुंद भोकातून कधीकाळचा समुद्र दिसतो तो असा.

साधारण साडेपाच ते पाच कोटी वर्षांपूर्वी तो समुद्र इथे बराच आत आला होता. तेव्हाचा काळा, जैविक अंशानं भरलेला चिखल दबून झालेला खडक म्हणजे आजचा खंबात शेल. सुरतेकडच्या वस्तान लिग्नाइट खाणीत त्या काळचे थर उघडे पडले आणि त्यांत वटवाघळांचे आणि घोडा-गेंड्याच्या दूरच्या नातलगांचे जीवाश्म मिळाले. बाकी बहुतेक शेल खोल गेला, तापला, त्यातून तेल सुटलं आणि वाळूच्या थरांत जाऊन मुरलं. 1958 साली लुणेजला आणि 1960 साली अंकलेश्वरला ते हाती लागलं. कोयलीची रिफायनरी त्यामागून आली.

तेलाच्या विहिरीवरही असेच ढीग, फक्त पिशव्यांत भरून, खोलीचा आकडा टाकून. चुरा धुवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली फोरॅमिनिफेरा शोधायचे. हे एकपेशीय जीव, पण त्यांची कवचं टिकतात आणि जाती भराभर बदलतात, म्हणून वय सांगायला सोयीचे. मी विचारलं, "पण वरची माती खाली घरंगळत असेल ना?"

अण्णा खूश झाले. "तीच तर मेख. वरून खाली जाताना एखादी जात पहिल्यांदा दिसली, म्हणजे ती कधी नाहीशी झाली ते कळलं. त्यावर भरवसा ठेवायचा. ती उपजली कधी, हे चुऱ्यावरून नाही सांगायचं. खाली सापडलेलं कवच वरून पडलेलं असू शकतं."

एवढ्यात काका आले. "अण्णा, पाणी कुठल्या ढिगात?"

"सतराव्यात, बहुतेक," अण्णा म्हणाले. त्या ओल्या, भरड वाळूत एक पिवळट ढेकूळ होतं. ते त्यांनी उचललं, ओळीच्या सुरुवातीपर्यंत चालत गेले आणि दुसऱ्या ढिगावर ठेवून आले.