थ्रस्टर की क्वाड: फिन्स मोजून हे ठरत नाही

सर्फिंगच्या बोर्डाखाली शेपटीकडे पात्यांसारख्या फिन्स असतात. त्यांतला चार फिन्सचा क्वाड बोर्ड फार निसटतो, असे एक जण सांगतो आणि क्वाडइतकी पकड दुसऱ्या कुठल्याच बोर्डाला नसते, असे दुसरा तितक्याच खात्रीने सांगतो. ऐकणारा नवशिका गोंधळतो आणि शेवटी ‘फिन्स जास्त तर पकड जास्त, फिन्स कमी तर मोकळेपणा जास्त’ असे सरळसोट त्रैराशिक मांडून दुकानात जातो. कर्नाटकातल्या मुळकीला किंवा गोव्यात आश्वे-मोरजीला शिकून आलेल्या आणि आता स्वतःचा बोर्ड घेऊ पाहणाऱ्या मराठी मुलामुलींच्या तोंडून हे त्रैराशिक मी वारंवार ऐकतो आणि दर वेळी मनापासून वाईट वाटते, कारण त्याच्या भरवशावर माणसे बरेच पैसे मोजून आपल्याला न मानवणारा बोर्ड घरी आणतात. वास्तविक वरची दोन्ही विधाने खरी आहेत. ती लाटेवरच्या दोन वेगळ्या क्षणांविषयी आहेत, हे मात्र कोणी सांगत नाही.

थ्रस्टर, म्हणजे तीन फिन्सचा बोर्ड, बहुतेकांच्या ओळखीचा आहे. शिकवणीच्या मऊ फोमच्या बोर्डांखालीही सहसा तीनच फिन्स असतात: दोन बाजूंना आणि एक मागे मध्यभागी. ऑस्ट्रेलियातल्या नॅराबीनच्या सायमन अँडरसनने १९८० च्या अखेरीस ही मांडणी पक्की केली. त्या काळात मार्क रिचर्ड्स दोन फिन्सच्या बोर्डावर १९७९ ते १९८२ असा सलग चार वर्षे जगज्जेता ठरत होता, पण अँडरसन अंगापिंडाने थोराड होता आणि मोठ्या लाटेवर जोर दिला की दोन फिन्सच्या बोर्डाची शेपटी त्याच्या पायाखालून सरकत असे. मध्ये तिसरी फिन बसवल्यावर ते थांबले. १९८१ मध्ये त्याने ऑस्ट्रेलियातल्या बेल्स बीचची स्पर्धा प्रचंड लाटांमध्ये जिंकली, त्याच वर्षी हवाईतली पाइपलाइन मास्टर्सही जिंकली आणि पुढच्या काही वर्षांत जवळजवळ सगळे स्पर्धक तीन फिन्सवर आले. चार फिन्सचे बोर्डही त्याच दशकाच्या सुरुवातीला होते, ऑस्ट्रेलियाचा ग्लेन विंटन त्यांवर स्पर्धा खेळत असे, पण थ्रस्टरच्या लाटेत ते बराच काळ मागे पडले.

रचनेतले इतर फरक थोडक्यात सांगता येतात. बाजूच्या फिन्स आतून सपाट आणि बाहेरून फुगीर असतात, त्यांची पुढची टोके बोर्डाच्या नाकाकडे किंचित वळवलेली असतात आणि त्या बाहेरच्या अंगाला थोड्या कललेल्या असतात. थ्रस्टरची मधली फिन दोन्ही बाजूंनी सारखी फुगीर, अगदी सरळ आणि उभी असते. क्वाडमध्ये ही मधली फिन नसते. तिच्याऐवजी पुढच्या जोडीच्या मागे आणखी एक लहान जोडी येते. नेहमीच्या शॉर्टबोर्डवर मधली फिन शेपटीच्या टोकापासून साधारण साडेतीन इंचांवर असते, तर क्वाडची मागची जोडी तिच्यापेक्षा दोनेक इंच पुढे बसते. हे दोन इंच ध्यानात ठेवावेत, कारण पाय कुठे ठेवायचा हे पुढे त्यांवरच ठरते.

आता खऱ्या अडचणीच्या मुद्द्याकडे येऊ. लाटेच्या भिंतीवरून आडवे धावताना बोर्ड पाण्यावर सपाट पडलेला नसतो. तो लाटेकडच्या कडेवर, म्हणजे सर्फर जिला रेल म्हणतात तिच्यावर, कललेला असतो. ती कड पाण्यात रुतलेली असते आणि दुसऱ्या बाजूची फिन वर उचलली जाते, कधी पूर्णपणे पाण्याबाहेरही येते. अशा वेळी थ्रस्टरकडे काम करणारी एक बाजूची फिन आणि मधली फिन उरते, आणि मधली फिन शेपटीच्या मध्यावर, म्हणजे रुतलेल्या कडेपासून दूर असते. भिंत जितकी उभी, तितकी ही मधली फिन पाण्यातून सुटू लागते. क्वाडच्या मात्र लाटेकडच्या दोन्ही फिन्स कडेलगत असतात आणि दोन्ही पाण्यात खोल रुतलेल्या राहतात. पाइपलाइनसारख्या उभ्या आणि पोकळ लाटांवर अनेक सर्फर क्वाड का पसंत करतात, याचे उत्तर इथे आहे. ‘क्वाडची पकड घट्ट असते’ असे म्हणणारा माणूस या क्षणाविषयी बोलत असतो आणि त्याचे म्हणणे शंभर टक्के बरोबर असते.

दुसरा क्षण येतो तो एका कडेवरून दुसऱ्या कडेवर भार नेताना. लाटेच्या तळाशी बॉटम टर्न घेऊन तुम्ही वर आलात, माथ्यापाशी बोर्ड फिरवून पुन्हा खाली यायचे आहे. या बदलाच्या मध्ये क्षणभर बोर्ड सपाट होतो. थ्रस्टरची मधली फिन त्या क्षणीही पाण्यात असते, कारण ती कोणत्याच एका कडेची नसते. ती शेपटीला आडवे सरकू देत नाही, आणि मागच्या पायाने जोर दिला की सगळा बोर्ड तिच्याभोवती फिरतो, जसा कर्कटकाचा पेन्सिलचा पाय रोवलेल्या टोकाभोवती फिरतो. किती जोर दिला की किती वळेल, याचा अंदाज पायाला लवकर येतो. क्वाडच्या शेपटीच्या मध्यावर त्या क्षणी काहीच नसते. एका कडेच्या फिन्स सुटलेल्या असतात, दुसऱ्या कडेच्या अजून रुतायच्या असतात, आणि त्या मधल्या अवकाशात बोर्ड मोकळा असतो. सराव असलेल्याला हा मोकळेपणा आवडतो, कारण कडेवरून कडेवर जाणे त्यामुळे हलके आणि चपळ होते. थ्रस्टरच्या सवयीने मागच्या पायावर सगळे वजन टाकणाऱ्याची मात्र शेपटी घसरते, किंवा बोर्ड जागच्या जागी वळण्याऐवजी लांबलचक कमान काढत निघून जातो आणि तो बिचारा लाटेच्या माथ्यावरून मागे फेकला जातो. ‘क्वाड निसटतो’ असे म्हणणारा माणूस हे सांगत असतो. तोही खोटे बोलत नाही.

म्हणून बोर्ड निवडताना फिन्स किती आहेत हे विचारण्यापेक्षा मध्यावर फिन आहे का, हे विचारावे. दोन फिन्सचा ट्विन आणि चार फिन्सचा क्वाड हे एका घरातले आहेत, कारण दोन्हींचा मध्य रिकामा आहे. संख्येने थ्रस्टर त्या दोघांच्या मधे बसतो, स्वभावाने तो त्या दोघांहूनही वेगळा आहे.

वेगाविषयीचा वाद मला तितका मोठा वाटत नाही. लाटेच्या भिंतीवरून सरळ रेघ धरून जाताना क्वाड वेगवान वाटतो, हा अनुभव जवळजवळ प्रत्येकाचा आहे, आणि लाट मधेच मऊ पडली तरी तो पट्टा पार करणे त्यावर सोपे जाते. पण थ्रस्टरवर वेग उत्पन्न करायचा असतो तो वळणावळणाला जोर देऊन, आणि ज्याला ते जमते तो कुठेच मागे पडत नाही.

क्वाडच्या मागच्या जोडीची जागा मात्र दुर्लक्षिली जाते, आणि ते मला खटकते. ही जोडी कडेलगत आणि पुढच्या फिन्सजवळ असेल तर धाव आणि पकड वाढते, वळण लांबते. तीच जोडी मध्यरेषेकडे आणि मागे सरकवली, की बोर्ड पुष्कळसा थ्रस्टरसारखा वागू लागतो. म्हणजे ‘मी क्वाड चालवून पाहिला, मला नाही आवडला’ या वाक्याला मागची जोडी कुठे होती हे कळेपर्यंत फारसा अर्थ नाही. हल्ली पाच खाचांचे बोर्ड सर्रास मिळतात, त्यांत हवे तेव्हा तीन किंवा चार फिन्स लावता येतात. तुलना शिकायला ते उत्तम आहेत. मात्र एकाच तळाला आणि एकाच शेपटीला दोन्ही मांडण्या सांभाळायच्या असल्याने त्यांत तडजोड असते, आणि अशा एका बोर्डावरून सगळ्या क्वाडविषयी मत बनवू नये.

फिन्स बसवताना होणाऱ्या चुका तर पाहवत नाहीत. भाड्याच्या बोर्डांवर डावी फिन उजवीकडे आणि उजवी डावीकडे बसवलेली मी पाहिली आहे. सपाट अंग बाहेर आलेल्या अशा बोर्डावर शिकणारा माणूस स्वतःलाच दोष देत बसतो. सपाट अंग नेहमी मध्यरेषेकडे, हे एकदा पाहून घ्यायला अर्धा मिनिट लागत नाही. क्वाडच्या मागच्या लहान फिन्स पुढच्या खाचांत बसवण्याचा प्रकारही सर्रास होतो. शिवाय फिनला सुकाणू समजणे सोडून द्यावे. सुकाणू फिरते, फिन बोर्डात घट्ट बसलेली असते. वळवते ती तुमच्या पायांखाली कललेली कड, आणि फिन त्या कडेला धरून ठेवते.

माझे मत विचाराल तर ज्याला अजून बॉटम टर्न नीट येत नाही, त्याने थ्रस्टरच घ्यावा, आणि याला मी अपवाद मानत नाही. मागच्या पायाने काय केले की काय होते, हे तीन फिन्सचा बोर्ड जितके स्पष्ट शिकवतो तितके दुसरा कोणी शिकवत नाही. ज्याला ते येते आणि ज्याच्या वाट्याला पावसाळ्याबाहेरच्या महिन्यांतल्या पश्चिम किनाऱ्याच्या लहान, मऊ, मधेच दम सोडणाऱ्या लाटा आहेत, त्याने रुंद शेपटीचा क्वाड जरूर चालवून पाहावा. या लाटांवर मी स्वतः दुसरे काही नेत नाही. पहिल्या दिवशी मागचा पाय थ्रस्टरवर ठेवता त्यापेक्षा थोडा पुढे ठेवा, कारण त्याच्याखालची मागची जोडी दोनेक इंच पुढे आहे. माथ्यावर टाच आपटू नका. पुढच्या पायावर भार ठेवून कड रुतू द्या, वळण मनात असेल त्यापेक्षा थोडे आधी सुरू करा आणि बोर्डाला लांब कमान काढू द्या. दुसऱ्या कडेच्या दोन्ही फिन्सनी पाणी धरले की पायाला ते लगेच कळते, आणि मग जोर द्यायला हरकत नाही.