सामुदायिक मानसिक आरोग्यसेवा (बेळगाव सीमाभाग)

मनोरुग्णाला घरातून आणि गावातून न हलवता जवळच्या सरकारी दवाखान्यातून औषधोपचार, समुपदेशन व आधार देणारी आणि त्याचे गावातले स्थान टिकवू पाहणारी व्यवस्था. बेळगाव जिल्ह्यातील खानापूर, बेळगाव, निपाणी, चिकोडी या तालुक्यांत तसेच उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, कारवारच्या बाजूला मराठी बोलणाऱ्यांची मोठी वस्ती आहे. येथे ही सेवा कर्नाटकाच्या आरोग्य खात्याकडून, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या चौकटीत चालते. हाड मोडले तर क्ष-किरण चित्र बोलते. मनाच्या आजाराचे निदान मात्र बहुतांशी रुग्णाने सांगितलेल्या हकिकतीवर अवलंबून असते. त्यामुळे सीमाभागात या सेवेचे यश औषधांच्या साठ्याइतकेच रुग्णाशी कोणत्या भाषेत बोलले जाते यावर ठरते.

या प्रदेशाचा मनोरुग्णालयाशी संबंध जुना आहे. धारवाडचे मनोरुग्णालय १८४५ मध्ये सुरू झाले. तेव्हा धारवाड आणि बेळगाव दोन्ही जिल्हे मुंबई इलाख्यात होते. आज तीच संस्था धारवाड मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था, लोकांच्या बोलण्यात ‘डिमहान्स’, म्हणून ओळखली जाते आणि बेळगावचे अवघड रुग्ण अजूनही तिथेच पाठवले जातात. ‘धारवाडला नेऊन सोडलं’ हे वाक्य सीमाभागातल्या घरांत कित्येक पिढ्या दबक्या आवाजात बोलले गेले आहे.

रुग्णाला भिंतीआड ठेवण्याऐवजी उपचारच गावाकडे न्यायचे, हा विचार कर्नाटकातच रुजला, याचा इथल्या वाचकाला अभिमान वाटायला हरकत नाही. बेंगळुरूच्या निम्हान्सने (राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेने) १९७० च्या दशकात शहराबाहेर सकलवारा येथे ग्रामीण केंद्र काढून प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर आणि आरोग्यसेवक थोड्या प्रशिक्षणावर मनोरुग्ण ओळखू शकतात का, हे तपासले. पुढे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात बळ्ळारी जिल्ह्यात तो प्रयोग जिल्हाभर राबवला गेला. मोजकी औषधे, सोपी नोंद, गावपातळीवरचा पाठपुरावा आणि महिन्यातून एकदा तज्ज्ञांची भेट, एवढ्यावर तो उभा होता. देशाचा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये आला होता, पण त्याला चालण्याजोगे रूप मिळाले ते १९९६ मध्ये, बळ्ळारीच्या नमुन्यावर जिल्हा कार्यक्रम सुरू झाल्यावर.

आजची रचना साधारण अशी. गावात आशाताई, त्यांच्यावर उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र, मग तालुका रुग्णालय, आणि बेळगावात ‘सिव्हिल’, म्हणजे बिम्स या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले जिल्हा रुग्णालय. जिल्हा पथकात मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, मनोसामाजिक कार्यकर्ता आणि परिचारिका असावेत अशी अपेक्षा असते. ‘मनोचैतन्य’ या राज्य योजनेखाली मनोविकारतज्ज्ञ मंगळवारी तालुका रुग्णालयात बसतात. दिवस ठरलेला असल्यामुळे रोजंदारीवरच्या माणसाला खाडा कधी करायचा हे आधी कळते, आणि हा फायदा मोठा आहे. मात्र बेळगाव हा क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा, सुमारे १३,४०० चौ. किमी.चा, २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ४७ लाखांवर होती. इतक्या पसाऱ्याला एक जिल्हा पथक अपुरे पडणारच. खानापूर तालुक्यात भीमगडच्या जंगलातल्या वाड्यांवरून पावसाळ्यात आजारी माणसाला खांद्यावर वाहून आणावे लागते. अशा ठिकाणच्या रुग्णाचा मंगळवार चुकला की गोळ्या तुटतात, म्हणजे औषधात खंड पडतो. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णात गोळ्या तुटणे हे आजार उलटण्याचे सर्वांत नेहमीचे कारण आहे.

भाषेचा प्रश्न नीट समजून घ्यायला हवा, कारण तो बहुधा राजकारणाच्या गदारोळात हरवतो. बेळगाव शहरातले कितीतरी डॉक्टर आणि परिचारिका मराठी सहज बोलतात. मराठी गावातली आशाताई तर त्याच गावची सून असते. अडचण सुरू होते ती नोंदवही, प्रशिक्षणाची पुस्तिका, भिंतीवरचा फलक, संमतिपत्र यांच्यापाशी, कारण हे सारे मुख्यतः कन्नडमध्ये असते. दक्षिण कर्नाटकातून बदलून आलेल्या अधिकाऱ्यापुढे खानापूरची म्हातारी ‘जिवात जीव नाही, काळजात नुसती कालवाकालव होतीया’ म्हणते, तेव्हा मध्ये दुभाष्या लागतो. तो दुभाष्या बहुतेक वेळा घरचाच असतो. सासूच्या तोंडून सुनेची तक्रार मांडली गेली तर त्या तक्रारीतून सासू वगळली जाणार, हे सांगायला तज्ज्ञ नको. मारहाण, नवऱ्याची दारू, मूल न होण्याचे टोमणे, जीव द्यावासा वाटणे, यांतले काहीच अशा वेळी बाहेर येत नाही. कागदावर ‘झोप नाही, अशक्तपणा’ एवढे उतरते आणि शक्तीच्या गोळ्या हातात पडतात.

कायदा याबाबतीत पुरेसा स्पष्ट आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम १८ ने सरकारी खर्चाने चालणारी मानसिक आरोग्यसेवा, भेदभावाशिवाय, हा प्रत्येकाचा हक्क ठरवला. कलम १९ ने समाजात राहण्याचा आणि त्यापासून तोडले न जाण्याचा हक्क दिला. आणि कलम २२ नुसार आजार व उपचार यांची माहिती रुग्णाला समजेल त्या भाषेत आणि रूपात मिळाली पाहिजे. सीमाभागातल्या मराठी माणसाने शासकीय मराठी कागदपत्रांसाठी दशकानुदशके अर्ज, निवेदने, मोर्चे केले आहेत. त्या मागण्यांच्या यादीत कलम २२ क्वचितच दिसते. वास्तविक हा हक्क १९५६ च्या राज्यपुनर्रचनेच्या वादात कोणाची बाजू घेत नाही, तो फक्त रुग्णाची घेतो. मराठी गावातल्या कन्नड, उर्दू किंवा कोकणी बोलणाऱ्या रुग्णालाही तो तेवढाच लागू आहे.

१० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली टेली-मानस ही दूरध्वनी सेवा (१४४१६) मराठी व कन्नड दोन्हींसह अनेक भारतीय भाषांत बोलते. एकट्याने बोलता येणे हा तिचा मोठा गुण आहे. परंतु ज्या घरात एकच मोबाइल आणि तोही नवऱ्याच्या खिशात, तिथल्या बाईपर्यंत ती पोहोचत नाही.

दुसरी अडचण राज्याच्या हद्दीची आहे. निपाणी, चिकोडीकडचे लोक पूर्वापार कोल्हापूर-मिरजेला दवाखान्याला जातात, खानापूरचे गोव्याला. उलट कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगडकरांना बेळगाव जवळ. सोयरिकीही अशाच दोन्हीकडे. मनोरुग्णाचे उपचार मात्र वर्षानुवर्षांचे असतात आणि पाठपुरावा करणारी यंत्रणा राज्यापुरती बांधलेली असते. मिरजेच्या डॉक्टरांनी सुरू केलेले औषध निपाणीच्या आशाताईच्या वहीत येत नाही, त्यामुळे रुग्ण गोळ्या घेतो आहे की नाही हे पाहायला कोणी जात नाही. २०२०-२१ मध्ये करोनाच्या काळात राज्याच्या हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावर तपासणी कडक झाली तेव्हा दोन राज्यांत विभागलेल्या अशा उपचारांचा कच्चेपणा उघडा पडला. २०२३ मध्ये महाराष्ट्राने महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू करण्याचा निर्णय घेतला, त्याला कर्नाटकाने हरकत घेतली. ती योजना रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे; महिन्याच्या महिन्याला गोळ्या आणि कोणाशी तरी बोलणे ही मनोरुग्णाची गरज तिच्यातून भागणारी नाही.

दवाखान्याच्या आधी बहुतेक घरे देवाकडे जातात. सौंदत्तीची यल्लम्मा याच जिल्ह्यात आहे. शिवाय गावोगावचे देवऋषी, कौल लावणारे पुजारी, दर्गे. ‘बाहेरची बाधा’, ‘करणी’ ही कारणे माणसाला दोषी न ठरवता आजाराचा अर्थ लावतात, म्हणून ती टिकून आहेत. साखळीने बांधणे, चटके देणे, उपाशी ठेवणे यांबाबत मात्र तडजोड नको. साखळदंडाला २०१७ च्या अधिनियमाच्या कलम ९५ नेच बंदी आहे, आणि कर्नाटकाचा अमानुष प्रथा व काळी जादू प्रतिबंधक कायदा २०२० मध्ये अमलात आला आहे. आशाताईने अंगारा फेकून द्यायला सांगू नये. अंगारा लावा, पण गोळी चुकवू नका, एवढेच सांगावे. हाच मार्ग अधिक रुग्णांना दवाखान्यात आणतो. एक धोका मात्र प्रत्येक आशाताईने घरोघरी सांगायला हवा. वर्षानुवर्षे रोज पिणारा माणूस माळ घालून किंवा देवाला शब्द देऊन एका दिवसात दारू तोडतो, तेव्हा पहिल्या दोन-तीन दिवसांत हात कापणे, झटके, भास, बरळणे सुरू होऊ शकते. घरचे त्याला देवाचा कोप किंवा बाधा समजतात. ती वैद्यकीय आणीबाणी आहे, त्यात जीव जाऊ शकतो. सोडण्याच्या निश्चयाला नावे न ठेवता तो दवाखान्याच्या देखरेखीखाली पार पाडायचा असतो.

आत्महत्येचा प्रयत्न झालेल्या घरात पोलिसांची भीती फार. कीटकनाशक प्यायलेल्याला ‘चुकून पोटात गेलं’ म्हणून आणले जाते आणि जीव वाचला तरी समुपदेशन होत नाही. २०१७ च्या अधिनियमाच्या कलम ११५ नुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरून त्याची काळजी घेणे सरकारचे कर्तव्य आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंड संहितेच्या ३०९ व्या कलमातला आत्महत्येच्या प्रयत्नाचा सर्वसाधारण गुन्हा उरलेला नाही. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात घर-शेत गमावलेली कृष्णा-दूधगंगाकाठची गावे, वडगाव-शहापुरातले यंत्रमाग विणकर, निपाणीच्या विडी कामगार बाया, मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त होऊन आलेले जवान, यांच्यात ही माहिती पोहोचवणे विशेष गरजेचे आहे. जवानांच्या बाबतीत तर झोप उडणे, चिडचीड आणि पिणे हे ‘फौजी स्वभाव’ म्हणून सोडून दिले जाते.

रुग्णाला समाजात सामावून घेण्याचा कागदी भाग अपंगत्व प्रमाणपत्राचा. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क अधिनियमातील २१ प्रकारांत मानसिक आजार येतो. तपासणी ‘आयडियाज’ या मानसिक अपंगत्व मोजणाऱ्या मोजपट्टीवर होते; तिच्यात स्वतःची निगा, नातेसंबंध, संवाद व आकलन, काम आणि आजाराचा कालावधी पाहतात. संवाद व आकलन रुग्णाच्या भाषेत तपासले गेले नाही तर गुण चुकतात, आणि ४० टक्क्यांच्या अलीकडे-पलीकडे माणसाची पेन्शन अडते. दिवसा राहण्याची, काम शिकण्याची सोय देणारी ‘मानसधारा’ केंद्रे जिल्हा पातळीवरची. खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीहून रोज बेळगावला ये-जा करणे शक्य नसते. म्हणून खेड्यात हे काम इतर जागीच होते: बचत गटात, भजनी मंडळात, रोजगार हमीच्या कामावर, गणेशोत्सवाच्या मांडवात. बरा झालेला मुलगा पुन्हा टाळ घेऊन उभा राहिला तरी त्याच्या बहिणीचे लग्न जमवताना त्याला पाहुण्यांसमोर आणत नाहीत. गोळीने नसलेले आवाज ऐकू येणे थांबते, लपवणे नाही. हे लपवणे थांबवायला घरच्यांशी, मंडळाच्या पंचांशी, सोयऱ्यांशी त्यांच्याच बोलीत पुष्कळ दिवस बोलत राहावे लागते, आणि त्यासाठी जिल्हा कार्यक्रमात मराठी जाणणारे मनोसामाजिक कार्यकर्ते तालुकावार नेमावे लागतील.