हवा बदलली की सॉसेज बदलतं

स्पेनच्या खेड्यांत डुक्कर कापण्याचा हंगाम 11 नोव्हेंबरच्या, म्हणजे संत मार्टिनच्या सणाच्या सुमारास सुरू होई. थंडीत कच्चं मांस लवकर नासत नाही आणि डोंगराळ भागातला कोरडा वारा त्यातलं पाणी सावकाश ओढून घेतो. चोरिझो या सॉसेजसाठी मांस, चरबी, मीठ, लसूण आणि पिमेंतोन ही लाल मिरचीची पूड कालवून आतड्यात भरायची आणि आठवडेच्या आठवडे टांगून ठेवायची.

मांस नासवणाऱ्या जिवाणूंना मोकळं पाणी लागतं. मीठ पाण्याचे रेणू आपल्याशी धरून ठेवतं, कैरीच्या लोणच्यात धरतं तसंच. या मोकळ्या पाण्याचं माप शुद्ध पाण्यात 1, तर ताज्या मांसात सुमारे 0.99 असतं. ते 0.91 च्या खाली उतरलं की मांस नासवणाऱ्या बहुतेक जिवाणूंची वाढ थांबते. त्याच वेळी लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू मांस आंबवतात आणि नको असलेल्यांची वाट आणखी बिकट करतात. घाई मात्र इथे घातक ठरते. फार जोराने वाळवलं, तर बाहेरची बाजू कडक होते आणि ओल आतच कोंडते.

सगळ्यात धोकादायक जिवाणू म्हणजे क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम. तो हवाबंद जागीच वाढतो आणि सॉसेजचा गाभा तर हवाबंदच. म्हणून मिठासोबत चिमूटभर सोरा घालायची पद्धत पडली. सोऱ्यातल्या नायट्रेटचं जिवाणू नायट्राइट करतात आणि ते या शत्रूला रोखतं. त्यातूनच नायट्रिक ऑक्साइड तयार होऊन मांसाला लाल रंग देणाऱ्या मायोग्लोबिन या प्रथिनाला चिकटतो, म्हणून असं मांस शिजवल्यावरही गुलाबी राहतं. शतकानुशतकं चाललेल्या या युक्तीतलं रसायन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उलगडू लागलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

1565 पासून स्पॅनिश लोक फिलिपिन्समध्ये स्थिरावले. तिथे ना तो गारठा, ना तो कोरडा वारा. दमट उकाड्यात आतपर्यंत वाळण्याआधीच मांस कुजायला लागतं. मग वाऱ्याचं काम दुसऱ्या पदार्थांनी उचललं. विगान गावच्या लोंगानिसात, म्हणजे तिथल्या सॉसेजात, उसाचं व्हिनेगर आणि भरपूर लसूण असतो. आंबवून आम्ल तयार होण्याची वाट न पाहता ते आयतंच ओतायचं! इतर गोडसर प्रकारांत आणि पांपांगा प्रांताच्या तोसिनोत, म्हणजे मुरवलेल्या गोड डुकराच्या मांसात, साखर सढळ हाताने पडते, कारण तीही मिठासारखीच पाणी बांधते, फक्त जास्त प्रमाणात लागते.

कॅरिबियनमध्येही तसंच झालं. डोमिनिकन लोंगानिसात आंबट संत्र्याचा रस पडतो, तर पोर्तो रिकोत लाली मिरचीऐवजी आचिओतेच्या, म्हणजे शेंदरीच्या बियांची.

गोव्यात पोर्तुगीजांच्या शोरिसू या सॉसेजची अशीच कथा. माडीचं व्हिनेगर, लाल मिरच्या, लसूण आणि मीठ लावलेलं मांस भरायचं आणि पावसाळ्याआधीच्या कडक उन्हात वाळवायचं. समुद्र खवळून मासळी मिळेनाशी झाली की हेच सॉसेज, गोव्याच्या बोलीत चोरिस, कामी येतात. मला स्वतःला हा या कुळातला सगळ्यात हुशार प्रकार वाटतो, कारण त्यात आम्ल आणि ऊन दोन्ही वापरलेत.

यांतल्या अनेक पदार्थांत नायट्राइट असतं, हे खाताना विसरू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक ठरवलं. रोज 50 ग्रॅम खाल्ल्यास आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे 18 टक्क्यांनी वाढतो.

नीट मुरलेलं, वाळलेलं चोरिझो कापून तसंच खातात. लोंगानिसा मात्र आतून कच्चंच असतं, शिजवावंच लागतं. फिलिपिनो घरांत ते आधी तव्यावर थोड्या पाण्यात ठेवतात. थेट चरबीत टाकलं, तर गाभा शिजण्याआधी साखर करपेल. पाणी आटलं की सुटलेल्या चरबीत ते तांबूस परततात आणि लसणीच्या भाताबरोबर व अंड्याबरोबर सकाळीच वाढतात.