पाळी आणि अस्वल: खुलासा

"पाळी चालू असताना जंगलात जाऊ नकोस, वासाने अस्वल येतं." हा सल्ला पसरण्यामागे एक खरी घटना आहे. ऑगस्ट १९६७ मध्ये अमेरिकेतल्या ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात एकाच रात्री, दोन वेगळ्या ठिकाणी, ग्रिझली अस्वलांनी दोन तरुणींचा बळी घेतला. बोट पाळीकडे दाखवलं गेलं आणि बायकांना अस्वलांच्या जंगलापासून लांब राहायला सांगितलं गेलं.

खरं कारण उघड्यावरच होतं. एका ठिकाणी पर्यटक निवासामागे रोज रात्री खरकटं टाकलं जायचं. अस्वलं ते खायला यायची आणि पाहुणे ती बघत बसायचे! दुसरीकडचं हडकुळं अस्वल उन्हाळाभर तंबूंतलं अन्न पळवत होतं. दोन्हीकडच्या अस्वलांना माणसाची भीती उरली नव्हती.

पुढे अमेरिकेतल्याच मिनेसोटा राज्यात काळ्या अस्वलांसमोर वापरलेले टॅम्पॉन (पाळीत शरीराच्या आत ठेवायचे कापसाचे बोळे) ठेवून पाहिले. त्यांनी जवळजवळ लक्षच दिलं नाही. ध्रुवीय अस्वलांना मात्र तो वास खेचतो, हे प्रयोगात दिसलंय. पण ती राहतात उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात.

तेव्हा मुलींनो, खुशाल जा. वापरलेले पॅड झिपच्या दुहेरी पिशवीत बंद करा, अन्नासोबतच तंबूपासून दूर ठेवा आणि परत आणा. पुरू नका.