सीमेपलीकडचा वीज व्यवहार: मंजुरी, पारेषण वाहिनी आणि अर्ज अडवणारी कागदपत्रे

नेपाळ, भूतान किंवा बांगलादेशाशी विजेचा व्यवहार करू पाहणाऱ्या कंपन्यांचे अर्ज परत येतात, तेव्हा प्रकल्पात खोट असतेच असे नाही. मालकीचा तपशील अपुरा असतो किंवा वाहिनी उभी आहे म्हणजे वीज नेता येईल, असे गृहीत धरलेले असते. ऊर्जा मंत्रालयाची १८ डिसेंबर २०१८ ची मार्गदर्शक तत्त्वे, केंद्रीय वीज नियामक आयोगाचे २०१९ चे विनियम आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाची फेब्रुवारी २०२१ ची कार्यपद्धती ही तिन्ही एकत्र वाचल्याशिवाय अर्ज भरायला बसू नये. नियम तीन ठिकाणी विखुरलेले असताना अर्जदाराने मात्र एकही दुवा सोडू नये, ही अपेक्षा जाचक आहे. पण आज वस्तुस्थिती तशीच आहे.

पहिली पायरी नियुक्त प्राधिकाऱ्याची मंजुरी ही होय. हे काम केंद्रीय विद्युत प्राधिकरणाकडे आहे. ठरावीक नमुन्यातला अर्ज, अधिकारपत्र, प्रकल्पाची माहिती आणि खरेदीदाराशी झालेल्या व्यवहाराची कागदपत्रे यांत सहसा अडचण येत नाही.

अडचण येते ती मालकीच्या तपशिलात. भारताशी भू-सीमा असलेल्या, पण वीज क्षेत्रातील सहकार्याचा द्विपक्षीय करार नसलेल्या तिसऱ्या देशाचे नियंत्रण वीजनिर्मिती कंपनीवर प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे असेल, तर मंजुरी मिळत नाही. यातला ‘अप्रत्यक्ष’ हा शब्द नीट वाचावा. कंपनीची मालक दुसरी कंपनी, तिची मालक तिसरी, असे असेल तर शेवटच्या व्यक्तीपर्यंत साखळी दाखवावी लागते, आणि नेमका हाच कागद अनेकांकडे तयार नसतो. भागधारकांची यादी जोडून भागेल, अशा समजुतीत राहू नये. मंजुरीनंतर भागभांडवलाची रचना बदलली, तर तेही कळवावे लागते. म्हणून नवा गुंतवणूकदार घेण्यापूर्वीच ही अट तपासून पाहावी, अशी कळकळीची विनंती आहे.

भारतातून कोळशावरची वीज निर्यात करायची असेल, तर कोळसा आयातीचा, स्पॉट ई-लिलावातला (म्हणजे तात्काळ विक्रीच्या ऑनलाइन लिलावातला) किंवा व्यावसायिक खाणीतला असावा लागतो. देशांतर्गत वीजपुरवठ्यासाठी मिळालेल्या कोळशाचा करार इथे कामाला येत नाही.

दुसरा गैरसमज वाहिनीबद्दलचा आहे. मंजुरी मिळाली म्हणजे वाहिनीत जागा मिळाली, असे नव्हे. जोडणी आणि पारेषण प्रवेशासाठी सेंट्रल ट्रान्समिशन युटिलिटीकडे (आंतरराज्य पारेषण जाळ्याचे नियोजन पाहणाऱ्या संस्थेकडे) स्वतंत्र अर्ज, शुल्क आणि बँक हमी लागते. शिवाय वाहिनीची नाममात्र क्षमता आणि प्रत्यक्ष उपलब्ध क्षमता यांत मोठे अंतर असू शकते. नेपाळमधील ढल्केबर आणि बिहारमधील मुझफ्फरपूर यांना जोडणारी वाहिनी ४०० किलोव्होल्टसाठी बांधलेली असूनही २०१६ मध्ये ती १३२ किलोव्होल्टवर सुरू झाली आणि पूर्ण दाबावर यायला २०२० उजाडले. कर्जाच्या परतफेडीचे वेळापत्रक आखताना उपकेंद्र, रोहित्रे आणि पलीकडच्या ग्रिडची तयारी विचारात घेतली नाही, तर वीज तयार असूनही उत्पन्न सुरू होत नाही.

नव्या वाहिनीचे नियोजन दोन्ही देशांच्या संमतीनेच होते. नेपाळबाबत सचिव स्तरावरची संयुक्त सुकाणू समिती यात निर्णायक असते, त्यामुळे विकासकाच्या घाईने तारखा बदलत नाहीत. नेपाळमधील ९०० मेगावॅटच्या अरुण-३ जलविद्युत प्रकल्पात नेपाळच्या हद्दीतील वाहिनी विकासकाच्याच कामाचा भाग आहे. असा खर्च आपल्याही अंगावर येऊ शकतो, हे वीजदर ठरवण्याआधी पाहावे.

संधी मात्र खऱ्या आहेत. जानेवारी २०२४ मध्ये भारत आणि नेपाळने दहा वर्षांत नेपाळमधून भारतात १०,००० मेगावॅटच्या निर्यातीचा करार केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये भारतीय ग्रिडमार्गे नेपाळची ४० मेगावॅट वीज बांगलादेशाला पोहोचली. तरीही १०,००० मेगावॅटचा आकडा दाखवून कर्ज मागणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की करार दोन सरकारांमधला आहे आणि त्यातून कोणत्याही एका प्रकल्पाला आपोआप मंजुरी मिळत नाही.

केवळ शेजारी देशालाच वीज देणाऱ्या भारतीय प्रकल्पांना मार्गदर्शक तत्त्वांच्या ऑगस्ट २०२४ च्या दुरुस्तीने थोडा आधार मिळाला आहे. खरेदीदार सातत्याने वीज उचलत नसेल किंवा देणी थकवत असेल, तर अशा प्रकल्पाला भारतीय ग्रिडशी जोडण्याची मुभा केंद्र सरकार देऊ शकते. ही मुभाही आपोआप मिळत नाही, म्हणून खरेदी करारात थकबाकीच्या नोटिशीची तरतूद सुरुवातीलाच स्पष्ट लिहून घ्यावी.