विदर्भातले विमान-कारागीर: पार्श्वभूमी

दहावीचा निकाल लागला की गोंदिया-भंडाऱ्यापासून यवतमाळपर्यंत अनेक घरांत एक प्रश्न निघतो: मिहानमध्ये आपल्या पोराला काम मिळेल का? मिहान म्हणजे नागपूर विमानतळाला लागून असलेला मालवाहतूक आणि उद्योगांचा प्रकल्प. या प्रश्नाचं उत्तर समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागतं.

नागपूरचं देशाच्या मध्यावर असणं विमानांच्या कामी फार आधी आलं. 1949 मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं रात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि विमानं परत फिरायची. पुढे हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं, म्हणजे देखभाल विभागाचं, मुख्यालयही नागपुरात आलं. पण नकाशावरच्या जागेतून कारागीर आपोआप तयार होत नाही.

तो तयार झाला साठच्या दशकात, अंबाझरी, भंडाऱ्याजवळचं जवाहरनगर आणि भद्रावती इथल्या आयुध निर्माणींमुळे, म्हणजे सरकारी शस्त्र-दारूगोळा कारखान्यांमुळे. 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याने कारखान्यात शिकत शिकत काम करण्याची वाट खुली केली होती. शेतकऱ्याच्या घरातला मुलगा फिटर किंवा टर्नर झाला तर घर उभं राहतं, हा विश्वास इथल्या गावांत या निर्माणींनी रुजवला. विमान उद्योगाच्या इतिहासात त्यांचं नाव सहसा येत नाही. माझ्या मते खरा पाया मात्र तोच आहे.

2002 मध्ये महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली आणि मिहानसाठी शिवणगाव, खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव अशा गावांची जमीन गेली. 2006 मध्ये एअर इंडियाने 68 बोइंग विमानांची मागणी पक्की केली. त्याच व्यवहारातून विमान दुरुस्तीचं केंद्र मिहानला मिळालं. ते चालू व्हायला 2015 उजाडलं. टाटांच्या टाल कंपनीने इथेच बोइंगच्या ड्रीमलायनर विमानाच्या फ्लोअर बीम, म्हणजे तळाच्या तुळया, बनवायला घेतल्या. ज्यांच्या शेतावर हे हँगर उभे राहिले, त्यांच्या मुलांना या कामाचं शिक्षण कुठे मिळणार, याची आखणी जमीन घेतानाच व्हायला हवी होती.

ती कडी जुळली राफेलमुळे. फ्रान्सच्या डसॉल्ट कंपनीच्या 36 राफेल लढाऊ विमानांच्या 2016 च्या करारात निम्म्या किमतीइतकं काम भारतात देण्याची ऑफसेटची अट होती. 27 ऑक्टोबर 2017 रोजी मिहानमध्ये डसॉल्ट-रिलायन्सच्या कारखान्याची पायाभरणी झाली आणि फाल्कन 2000 या बिझनेस जेटचे सुटे भाग तिथे बनू लागले. त्याच्याच जोडीने, केंद्राच्या कौशल्य विकास मंत्रालयाबरोबर, डसॉल्टने नागपूरच्या शासकीय आयटीआयमध्ये विमानाचा सांगाडा आणि उपकरणं जोडणाऱ्या फिटरचा दोन वर्षांचा ट्रेड उभा केला. सरकार, कारखाना आणि शाळा एका वर्कशॉपमध्ये आली.

या ट्रेडचं वेगळेपण कामात दिसतं. साध्या फिटरचं भोक जरा मोठं झालं तर तो मोठा बोल्ट घालून निभावून नेतो. विमानाच्या पत्र्यात तसं चालत नाही. आधी ड्रिलने भोक, मग रीमरने ते अचूक मापाचं, मग काउंटरसिंक, म्हणजे रिव्हेटचं (पत्रे जोडणाऱ्या खिळ्याचं) डोकं सपाट बसेल अशी खोलगट कड. रिव्हेट ठोकताना एक जण बाहेरून गन धरतो, दुसरा आतून बकिंग बार नावाचा जड धातूचा ठोकळा दाबून धरतो. एक भोक बिघडलं तर त्याची नोंद करून इंजिनिअरची मंजुरी घ्यावी लागते. चूक लपवायची नाही, हा इथला पहिला धडा.

गोंदियाजवळच्या बिरसीची गोष्ट वेगळी. ब्रिटिश काळातल्या या धावपट्टीवर विमानतळ प्राधिकरण आणि कॅनडाच्या सीएई कंपनीने वैमानिक प्रशिक्षण संस्था उभारली. धानाच्या बांध्यांवरून प्रशिक्षणाची विमानं उडतात, पण हे शिक्षण लाखोंच्या खर्चाचं. अमरावतीच्या बेलोऱ्यालाही एअर इंडियाची 34 विमानांची, वर्षाला 180 वैमानिकांची संस्था ठरली आहे. गावातल्या मुलांसाठी संधी मला कॉकपिटपेक्षा हँगरमध्ये जास्त दिसते. प्रशिक्षणाच्या विमानांची दर 50 आणि 100 तासांनी तपासणी लागते आणि ते काम कायमचं आहे. अडचण अशी की परवानाधारक विमान देखभाल अभियंता होण्यासाठी बारावीला भौतिक, रसायन, गणित किंवा डिप्लोमा लागतो. दहावीनंतर आयटीआयला गेलेल्या मुलाला तिथवर नेणारा पूल कच्चाच आहे. तालुक्याच्या आयटीआय आणि पॉलिटेक्निकनी या संस्थांशी करार करणं म्हणूनच निकडीचं.

जून 2025 मध्ये पूर्ण फाल्कन 2000 नागपुरात जोडण्याची घोषणा झाली. फ्रान्सबाहेर असं प्रथमच घडणार आहे. इथलं पहिलं विमान 2028 पर्यंत उडवायचं उद्दिष्ट आहे. ट्रेड दोन वर्षांचा आहे, म्हणजे त्या विमानावर काम करणारी तुकडी 2026 च्या प्रवेशातच भरायला हवी.